घराची किल्ली आणि बौद्धांचे कर्तव्य



१९१७ साली परमपूज्य बाबासाहेब परदेशांतील उच्च शिक्षण घेऊन बडोदे संस्थानच्या नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्या संपन्न शहरात त्यांना राहावयास एक खोली मिळेना. अखेर एका पारशी विश्रामगृहात पारशी नाव लावून त्यांनी आश्रय घेतला. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसे दाराशी आली आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडा असे बजावून गेली. बाबासाहेबांनी दोन मित्रांकडे विचारणा केली. एक हिंदू होता. तो म्हणाला, आपण आलात तर माझे नोकर निघून जातील. दुसरा ख्रिस्ती होता. तो म्हणाला, पत्नी परगावाहून यावयाची आहे, तिला विचारून सांगतो. कोलंबिया विद्यापीठाचा तो विद्वान मग कामाठी बागेत एकटा बसून राहिला आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतला. हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला आहे आणि तो वाचताना ज्याच्या डोळ्यांत पाणी येत नाही असा बौद्ध विरळा.

त्या दोन मित्रांची उत्तरे नीट पाहा. काठीवाल्यांनी बाबासाहेबांना घराबाहेर काढले हे खरे, परंतु त्यांना बागेत बसविले ते ह्या दोन सभ्य उत्तरांनी. त्यांत शिवी नव्हती, द्वेषाचा शब्द नव्हता. एकाने नोकरांचे नाव पुढे केले, दुसऱ्याने पत्नीचे. दार मात्र दोघांचेही बंद राहिले.

हा शंभर वर्षांपूर्वीचा प्रसंग आज मी आपणांस का सांगतो आहे? कारण तीच सभ्य उत्तरे आज आपल्यापैकी काहींच्या तोंडून निघू लागली आहेत, आणि ती देताना आपण कोणाची भाषा बोलत आहोत ह्याचे भान आपणांस उरलेले नाही.

पश्चिम रेल्वेच्या नायगाव स्थानकाच्या पूर्वेस जूचंद्र नावाचे गाव आहे. डोंगरावर चंडिकादेवीचे मंदिर, पलीकडे खाडी आणि मिठागरे, मूळची वस्ती आगरी समाजाची. येथील रांगोळी कलावंतांनी गावाचे नाव महाराष्ट्रभर नेले. वसई-दिवा लोहमार्गावर गावाच्या नावाचे स्थानक आहे. २००९ साली वसई-विरार महानगरपालिका झाली, २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाला, आणि ह्या सर्व काळात जूचंद्र-नायगावच्या परिसरात इमारतींमागून इमारती उभ्या राहिल्या. मुंबईच्या चाळींतून आणि झोपडपट्ट्यांतून बाहेर पडलेली आपली पुष्कळ कुटुंबे वसई-विरारच्या पट्ट्यात स्थिरावली. कोणी निवृत्तीच्या पैशांतून घर घेतले, कोणी कर्ज काढून घेतले. कोणी पुढे दुसरेही घेतले आणि ते भाड्याने दिले. ज्यांच्या आजोबांना गावकुसाच्या आत पाऊल टाकण्याची मुभा नव्हती, ते आज घरमालक झाले. ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु घरमालक झालेल्या माणसाच्या हाती एक अधिकार येतो. कोणाला आत घ्यावयाचे आणि कोणाला नाही, हे तो ठरवू लागतो.

अशी कल्पना करा की, आपल्या जूचंद्रच्या घराचे दार दोन वृद्ध पुरुषांनी ठोठावले आहे. एक कारखान्यातून निवृत्त झालेला, दुसरा कारकुनी करून निवृत्त झालेला. तीस वर्षे ते एकत्र राहिले आहेत. एकाच्या मधुमेहाच्या गोळ्या दुसऱ्याला पाठ आहेत. मुंबईतील भाडे दोघांच्या तुटपुंज्या पुंजीला परवडत नाही, म्हणून ते ह्या बाजूस आले आहेत. दलालाने आपल्या कानात सांगितले आहे की, हे भाऊ नव्हेत, मित्रही नव्हेत, नवराबायकोने राहावे तसे हे एकमेकांसोबत राहतात. आपण काय उत्तर द्याल? 'माझी काही हरकत नाही हो, पण सोसायटीतले लोक काय म्हणतील?' बंधूंनो, हेच ते नोकर निघून जाण्याचे उत्तर. 'घरी विचारून सांगतो.' हेच ते पत्नीला विचारण्याचे उत्तर. बडोद्याच्या त्या दोन मित्रांची जागा आता आपण घेतली आहे.

समलिंगी जोडप्याने म्हातारपणासाठी कोठे जावे, ह्याचे उत्तर श्रीमंतांच्या मंडळीत सोपे आहे. गोव्यात बंगला घ्या, नाहीतर सरळ परदेश गाठा. ज्याच्यापाशी पैसा आहे तो कुंपणाच्या आत स्वतःचे राज्य करू शकतो. परंतु ज्याची सारी मिळकत म्हणजे भविष्यनिर्वाह निधी आणि एक लोखंडी कपाट, त्याने कोठे जावे? त्याला रेल्वेचे स्थानक हवे, कारण त्याचे जुने डॉक्टर आणि चार जुने स्नेही मुंबईत आहेत. त्याला सरकारी वा पालिकेचे रुग्णालय जवळ हवे. त्याला उद्वाहन असलेली इमारत किंवा खालचा मजला हवा. आणि खालचा मजला घेताना पावसाचे पाणी किती चढते हेही पाहावयास हवे, कारण जुलै २०१८ मध्ये वसईच्या मिठागरांतील माणसे पाण्याने वेढली गेली होती हे ह्या भागात कोणी विसरलेले नाही. हे सर्व हिशेब जूचंद्रसारख्या ठिकाणी बसू शकतात. परंतु दर अकरा महिन्यांनी चौकशी, कुजबूज आणि जागा सोडण्याचा तगादा ज्याच्या वाट्याला येतो, त्याला प्रत्येक वेळी नवी दलाली, नवी अनामत रक्कम आणि टेम्पोचे भाडे भरावे लागते. कमी भाड्याचे घरही मग त्याला महाग पडते. म्हणून परवडणारी जागा आणि आपलेपणाची जागा हे दोन वेगळे प्रश्न नाहीत. गरीब जोडप्यासाठी तो एकच प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर ज्याच्या हाती किल्ली आहे त्याच्यापाशी आहे.

'पण कायदा काय म्हणतो?' असे आपण विचाराल. इंग्रजांनी १८६० च्या दंडसंहितेत घातलेले कलम ३७७ प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ साली रद्द केले, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली पुन्हा जिवंत केले आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी त्याच न्यायालयाने आपली चूक दुरुस्त केली. त्या निकालात न्यायमूर्तींनी आधार घेतला तो बाबासाहेबांनी संविधान सभेत मांडलेल्या संविधानिक नीतीचा. बहुसंख्यांची नीती काहीही असो, राज्य चालावे ते संविधानाच्या नीतीने, हा तो विचार. म्हणजे ह्या माणसांच्या हातांतील बेड्या तुटल्या त्या आपल्या बापाच्या शब्दाने तुटल्या, हे आपण ध्यानात घ्यावे.

परंतु बेडी तुटली म्हणजे घर मिळाले असे होत नाही. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहास मान्यता देण्यास नकार दिला. घर नाकारणाऱ्या खाजगी मालकाला संविधानाचे पंधरावे कलम थेट पकडू शकत नाही. दुकान, उपाहारगृह, विहीर, पाणवठा ह्यांचा त्यात उल्लेख आहे, खाजगी घराचा नाही. आपण महार म्हणून, मांग म्हणून, चांभार म्हणून घर शोधताना ह्याच फटीतून आपणांस खाली ढकलण्यात आले. आडनाव विचारले गेले, स्वयंपाकघरात काय शिजते ते विचारले गेले, भिंतीवर कोणाची तसबीर लावणार ते विचारले गेले. ती फट आजही बुजलेली नाही. ज्या फटीतून आपण पडलो, त्याच फटीत आपण दुसऱ्याला लोटावे काय?

आता आक्षेपांकडे वळू.

पहिला आक्षेप धम्माचा. काही उपासक म्हणतात, पंचशीलातील तिसरे शील ह्याच्या आड येते. ते शील कामाच्या मिथ्याचाराविषयी आहे. त्रिपिटकात त्याचा अर्थ सांगताना उदाहरणे येतात ती आईबापांच्या वा आप्तांच्या रक्षणाखाली असलेल्या, दुसऱ्याशी विवाह झालेल्या वा वाग्दान झालेल्या व्यक्तीशी संबंध ठेवण्याची. अर्थात् विश्वासघाताची आणि दुसऱ्यावरील अन्यायाची. तीस वर्षे एकमेकांशी एकनिष्ठ राहिलेल्या दोन माणसांनी कोणाचा विश्वासघात केला? उलट, बायकोला मारणारा आणि बाहेर दुसरे घर करणारा गृहस्थ आपल्या विहारात पुढच्या ओळीत बसतो, तेव्हा तिसरे शील कोणाला आठवत नाही. भिक्खूंसाठी विनयाचे कडक नियम आहेत हे खरे, परंतु ते ब्रह्मचर्याचे नियम आहेत. त्या नियमांनी गृहस्थाला मोजावयाचे ठरविले तर आपणांपैकी एकाचाही संसार टिकणार नाही. थायलंड हा बौद्ध बहुसंख्य देश. तेथे समलिंगी विवाहाचा कायदा २३ जानेवारी २०२५ पासून अंमलात आला. तेथील धम्म बुडाला नाही.

दुसरा आक्षेप असा की, ही वरच्या जातींच्या शहरी लोकांची थेरे आहेत, आपल्या समाजात असले काही नाही. बंधूंनो, हे असत्य आहे आणि आपणांस ते ठाऊक आहे. लग्नाचे नाव काढताच घर सोडून गेलेला आपला चुलतभाऊ, आयुष्यभर एका मैत्रिणीसोबत राहिलेली आणि सर्वांनी 'तिला लग्नच नको होते' म्हणून बाजूला सारलेली आपली आत्या, ह्यांचा विचार आपण कधी केला आहे काय? आपल्या समाजातील अशा माणसावर दोन ओझी असतात. सवर्ण घरमालक त्याला जातीवरून नाकारतो. मग तो आपल्या वस्तीत येतो आणि आपण त्याला दुसऱ्या कारणावरून नाकारतो. त्याने जावे कोठे? बाबासाहेब कामाठी बागेतून निदान परळच्या आपल्या माणसांत परतू शकले. ह्याला परतण्यासाठी कोणाचे घर आहे?

तिसरा आक्षेप, 'ह्या विषयाशी बाबासाहेबांचा काय संबंध?' संबंध आहे. १९३४ साली र. धों. कर्वे ह्यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावर अश्लीलतेचा खटला भरण्यात आला. लैंगिक विषयावरील वाचकांच्या शंकांना कर्व्यांनी दिलेली उत्तरे हे त्यांचे अपराध, आणि त्या शंकांत समलिंगी संबंधांचाही विषय होता. सनातन्यांनी ज्यांना वाळीत टाकले होते अशा त्या ब्राह्मण गृहस्थाचे वकीलपत्र घेतले बाबासाहेबांनी. अशा विषयावर शास्त्रीय दृष्टीने लिहिणे म्हणजे अश्लीलता नव्हे, ही बाजू त्यांनी न्यायालयात लढविली. खटला हरला, कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. आपल्या चळवळीला कमी कामे होती म्हणून बाबासाहेबांनी हे काम अंगावर घेतले काय? काळाराम मंदिराचा सत्याग्रह, गोलमेज परिषदा, पुणे करार हे सारे त्याच वर्षांतले. तरीही त्यांना सवड झाली. 'आपलेच प्रश्न पुष्कळ आहेत' असे म्हणणाऱ्यांनी ह्याचे उत्तर द्यावे.

चौथा आक्षेप मुलांचा. 'इमारतीत लहान मुले आहेत, त्यांना काय सांगावे?' मुलांना सांगावे की, हे दोन आजोबा एकमेकांची काळजी घेतात. ह्यापेक्षा अधिक काही मूल विचारीत नाही. आपल्या मुलांना ज्या गोष्टींपासून खरोखर वाचवावयाचे आहे त्या दारूच्या बाटलीत आणि हुंड्याच्या बोलणीत आहेत.

भगवान बुद्धांच्या जीवनातील एक प्रसंग विनयपिटकात आहे. अतिसाराने आजारी असलेला एक भिक्खू आपल्याच मलमूत्रात पडून होता. तो इतरांच्या कामी येत नाही म्हणून त्याच्याकडे कोणी पाहीनासे झाले होते. तथागतांनी आनंदासह स्वतःच्या हातांनी त्याला धुतले, उचलून मंचकावर निजविले आणि संघाला बोलावून विचारले की, येथे तुम्हांला आई नाही, बाप नाही. तुम्हीच एकमेकांची शुश्रूषा केली नाही तर कोण करील? ज्याला माझी सेवा करावयाची आहे त्याने आजाऱ्याची सेवा करावी, असा त्यांच्या उपदेशाचा भाव. मूल नाही, सून नाही, भाऊबंदांनी तोंड फिरविले आहे अशी दोन म्हातारी माणसे एकमेकांचा बिछाना बदलीत असतील, तर ती तथागतांची आज्ञाच पाळीत आहेत. त्यांना हाकलणारा मात्र कोणाची आज्ञा पाळतो?

आणखी एक गोष्ट. जूचंद्रपासून नालासोपारा काही मैलांवर आहे. तेच प्राचीन शूर्पारक. तेथील स्तूपाचे उत्खनन १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी ह्यांनी केले. त्याच परिसरात सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा भाग मिळाला, आणि नवव्या लेखाचा तुकडा भुईगाव येथे १९५६ साली, म्हणजे आपल्या दीक्षेच्याच वर्षी, हाती आला. त्या नवव्या लेखात अशोक म्हणतो की, आजारपणात, लग्नकार्यात, प्रवासाला निघताना लोक नाना मंगलकार्ये करतात, पण त्यांचे फळ थोडे. खरे मंगल म्हणजे दासांशी आणि सेवकांशी नीट वागणे, वडीलधाऱ्यांचा आदर आणि जीवमात्रांविषयी संयम. ज्या भूमीवर हे कोरले गेले त्या भूमीवर आपण घरे बांधली. गृहप्रवेशाला आपण परित्राणपाठ ठेवतो, ते उत्तमच. परंतु ज्या घराचे दार माणसासाठी उघडत नाही, त्या घरातील पाठाचे फळ किती?

म्हणून मी आपणांस काही कामे सांगतो. ती भाषणापुरती नाहीत, उद्यापासून करावयाची आहेत.

ज्याच्यापाशी भाड्याने द्यावयाचे घर आहे, त्याने भाडेकरूला भाडे वेळेवर देतो काय आणि घर नीट ठेवतो काय, एवढेच विचारावे. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे व ती जबाबदारी मालकाची आहे. तो करार दोघांच्याही नावे करावा. एकाच्याच नावे केला, तर तो वारल्यावर दुसरा त्याच दिवशी परका ठरतो. अकरा महिन्यांऐवजी तीन वर्षांचा करार करावा. म्हाताऱ्या माणसाला त्यामुळे शांत झोप लागते.

जो गृहनिर्माण संस्थेचा चिटणीस वा अध्यक्ष आहे, त्याने ध्यानात ठेवावे की, आदर्श उपविधींप्रमाणे सदस्याने घर भाड्याने देताना संस्थेला कळविणे पुरेसे आहे. भोगवटेतर शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक घेता येत नाही. १९६० च्या सहकारी संस्था कायद्याप्रमाणे पात्र माणसाला पुरेशा कारणावाचून सदस्यत्व नाकारता येत नाही. दोन पुरुष एका घरात राहतात, हे कारण त्या कायद्यात कोठेही लिहिलेले नाही.

जे जोडपे आपल्या विश्वासाने जवळ येईल, त्याला आपल्यातील शिकलेल्या तरुणांनी कागदपत्रांत मदत करावी. हे काम दयेपोटी करावयाचे नाही, ती गरज आहे. १९५६ चा हिंदू वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे. त्यात सहचराला वारस म्हणून स्थान नाही. मृत्युपत्र नसेल तर ज्या पुतण्याने तीस वर्षांत दार ठोठावले नाही तोही वारस म्हणून दारात उभा राहू शकतो. म्हणून दोघांनी एकमेकांच्या नावे दोन साक्षीदारांसमक्ष मृत्युपत्र करावे आणि ते नोंदवून ठेवावे. घर विकत घ्यावयाचे असेल तर पहिल्या दिवसापासून दोघांच्या नावे घ्यावे. कारण नवराबायकोत राहते घर बक्षीस देताना मुद्रांक शुल्कात सवलत मिळते, ह्यांना मात्र ती नाही. संस्थेकडे नामनिर्देशन करून ठेवावे, पण नामनिर्देशन म्हणजे मालकी नव्हे हेही समजून घ्यावे. बँकेत संयुक्त खाते उघडण्यास आणि सहचराचे नाव लावण्यास अडथळा नाही, असे केंद्र सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे. शिधापत्रिकेसाठी अशा जोडप्याला एकाच कुटुंबात धरावे असेही राज्यांना कळविले आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याखाली साध्या कागदावर आपला प्रतिनिधी नेमता येतो, आणि अखेरच्या आजारातील उपचारांविषयीची इच्छा दोन साक्षीदार व नोटरी ह्यांच्यासमोर लिहून ठेवता येते. मुंबईचा हमसफर ट्रस्ट ह्या क्षेत्रात अनेक वर्षे काम करीत आहे. त्याच्याशी आपल्या विहारांनी संपर्क ठेवावा.

आणि विहाराच्या कार्यकर्त्यांना माझे शेवटचे मागणे. ह्या दोघांतील एक जण कधीतरी जाईल. तेव्हा त्याचे दूरचे नातेवाईक येतील आणि पुढे बसतील. जलदानविधीच्या दिवशी, पुण्यानुमोदनाच्या वेळी त्या मागे राहिलेल्या म्हाताऱ्याला आपण कोठे बसविणार? दाराशी, चपलांजवळ? की पुढे, जेथे आपण विधवेला आणि विधुराला बसवितो तेथे? गावच्या पंगतीत आपल्या वडिलांना कोठे बसविले जात असे, हे आठवून मग काय ते ठरवा.

बंधूंनो आणि भगिनींनो, दीक्षा घेताना आपण सर्व मानव समान आहेत असे मानण्याची प्रतिज्ञा केली, आणि तेवढ्यावर न थांबता समता स्थापन करण्याचीही प्रतिज्ञा केली. मानणे हे मनाचे काम आहे, स्थापन करणे हे हातांचे. आपण नवे बौद्ध आहोत. आपल्या घरांतून देव्हारे गेले त्याला फार वर्षे झाली नाहीत. देव्हाऱ्याबरोबर विटाळही गेला पाहिजे. तो जर नुसता एका माणसावरून उचलून दुसऱ्या माणसावर ठेवला, तर आपण धर्म बदलला असे म्हणता येणार नाही.

कामाठी बागेत बसलेल्या त्या तरुणाला त्या रात्री कोणी एक खोली दिली असती, तर त्या माणसाचे नाव आज आपण घरोघरी घेतले असते. ती संधी बडोद्यात कोणी साधली नाही. जूचंद्रमध्ये, नायगावमध्ये, नालासोपाऱ्यात ती आज आपल्यासमोर आहे. दार वाजले आहे. कोणाला विचारून सांगू नका. उघडा.

जयभीम. नमो बुद्धाय.